हरवेल त्याचा किताब: रणजीपासून मोहल्ल्याच्या लीगपर्यंत वंशावळ कशी काढायची

प्रश्न असा आहे. २ मार्च २०२५ ला विदर्भाने नागपूरच्या जामठा मैदानावर रणजी करंडक जिंकला. यापुढे विदर्भाला जो हरवेल त्याच्याकडे किताब, मग त्याला जो हरवेल त्याच्याकडे, असा हिशेब धरला तर १९३४ पासूनची वंशावळ काढता येईल का? आणि हेच नागपुरातल्या एखाद्या क्लब लीगसाठी करायचं असेल, जुने कागद अर्धेच हाती असतील, तर सुरुवात कुठून करायची?

दोन्ही जमतं. रणजीचं काम लांबलचक आहे, पण सरळ आहे. लीगचं काम छोटं दिसतं आणि जास्त घाम काढतं. फसगत मात्र दोन्हीकडे एकाच जागी होते: लोक आधी निकाल गोळा करायला बसतात आणि नियम वाटेत ठरवतात. वाटेत ठरवलेला नियम आपल्या लाडक्या संघाकडे झुकतोच. म्हणून पहिला निकाल नोंदवण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या. पहिली लढत कोणती. एकक काय, एक सामना की पूर्ण मालिका. जिंकणं कशाला म्हणायचं. कोणते सामने धरायचे. आणि किताब ज्याच्याकडे आहे तो संघच नाहीसा झाला तर काय.

ही रीत मुळात मुष्टियुद्धातली. जॉन सलिव्हनला जेम्स कॉर्बेटने ७ सप्टेंबर १८९२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये एकविसाव्या फेरीत पाडलं, कॉर्बेटला १८९७ मध्ये फिट्झसिमन्सने, त्याला १८९९ मध्ये जेफ्रीजने. फुटबॉलमध्ये ती थट्टेतून आली. इंग्लंडने १९६६ चा विश्वचषक जिंकला आणि १५ एप्रिल १९६७ ला स्कॉटलंडने त्यांना वेम्ब्लीवर ३-२ असं हरवलं, तेव्हा 'आता जगज्जेते आम्ही' असं स्कॉटिश प्रेक्षक म्हणू लागले. पुढे २००३ मध्ये पॉल ब्राउन या लेखकाने हीच कल्पना नीट नियमात बसवून पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यापर्यंत मागे नेली. तो सामना ३० नोव्हेंबर १८७२ चा, ग्लासगोजवळचा, स्कॉटलंड-इंग्लंड, आणि सुटला ०-० असा. म्हणजे किताब जन्मला, पण घ्यायला कुणी नाही. ८ मार्च १८७३ ला इंग्लंडने ४-२ असा विजय मिळवला, तो पहिला मानकरी. तुमच्या कागदावरचा पहिला नियम इथूनच घ्या: पहिला सामना अनिर्णित असेल तर पहिल्या निकाली सामन्यापर्यंत किताब रिकामा.

न्यूझीलंडच्या रग्बीत हा प्रकार अधिकृतच आहे. रॅनफर्ली शील्ड १९०२ मध्ये ऑकलंडला मिळाली, १९०४ मध्ये वेलिंग्टनने ती आव्हान देऊन काढून घेतली, आणि तेव्हापासून ती हरवणाऱ्याकडे जाते. आपल्या शाळांमधली फिरती ढाल वर्षाच्या शेवटी फिरते, ही आव्हानाच्या कुठल्याही लढतीत फिरू शकते.

एककाबद्दल फार बोलायला नको. बुद्धिबळात एकेक डाव एकक धरला तर किताब रोज घर बदलेल. म्हणून तिथे पहिल्या जगज्जेत्या स्टाइनिट्झपासून, म्हणजे १८८६ पासून, पूर्ण सामना हेच एकक राहिलं. कसोटीत मालिका धरायची की सामना यावर वाद घालता येतो. रणजीत संघ एका मोसमात एकमेकांशी एकदा, फार तर दोनदा खेळतात, त्यामुळे सामना हेच एकक, विषय संपला.

जिंकणं म्हणजे काय

इथे मात्र थांबा, कारण रणजीचं अर्धं भवितव्य पहिल्या डावातल्या आघाडीवर ठरतं.

साखळी फेरीत निर्णायक विजयाला ६ गुण, डावाने किंवा १० गड्यांनी जिंकलं तर ७. सामना अनिर्णित सुटला तर आघाडीवाल्याला ३ आणि पिछाडीवाल्याला १. बाद फेरीत अनिर्णित सामन्यात आघाडीवाला पुढे जातो, दुसरा घरी. नोंदवहीत मात्र दोन्हीकडे निकाल 'अनिर्णित' असाच असतो. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात विदर्भ ३७९, केरळ ३४२, आघाडी ३७ धावांची, करंडक विदर्भाचा, आणि सामना? अनिर्णित. केरळ तिथवर आलं होतं तेच मुळी जम्मू-काश्मीरवर १ धावेच्या आणि गुजरातवर २ धावांच्या आघाडीवर.

तीन पर्याय आहेत. कडक नियम: फक्त निर्णायक विजयाने किताब फिरतो. सैल नियम: कुठल्याही फेरीतली आघाडी म्हणजे विजय. मिश्र नियम: साखळीत फक्त निर्णायक विजय, बाद फेरीत जो पुढे गेला तो विजयी. माझं मत मिश्र नियमाच्या बाजूने आहे. साखळीत स्पर्धा स्वतःच आघाडीला निम्मी किंमत देते, तर आपण पूर्ण का द्यावी? आणि बाद फेरीत स्पर्धा ज्याला बाहेर काढते, त्याच्या हाती किताब ठेवून त्याला घरी पाठवणं विचित्र दिसतं.

फरक किती पडतो ते याच मोसमावर बघा. उपांत्यपूर्व फेरीत आठ संघ होते: विदर्भ, तमिळनाडू, मुंबई, हरियाणा, गुजरात, सौराष्ट्र, केरळ, जम्मू-काश्मीर. विदर्भाने तमिळनाडूला आणि मग मुंबईला निर्णायक हरवलं. मुंबईने हरियाणाला आणि गुजरातने सौराष्ट्रला निर्णायक हरवलं. केरळचे तिन्ही सामने अनिर्णित. आता समजा त्या फेरीच्या सकाळी किताब या आठांपैकी कोणाकडे तरी होता. मिश्र नियमाने तो कोणाकडेही असो, २ मार्चच्या संध्याकाळी विदर्भाकडेच येतो. कडक नियमाने विदर्भ, तमिळनाडू, मुंबई किंवा हरियाणाकडे असेल तरच विदर्भाकडे येतो. गुजरात किंवा सौराष्ट्रकडे असेल तर गुजरातकडे उरतो, केरळचा केरळकडे, जम्मू-काश्मीरचा जम्मू-काश्मीरकडे. मैदानावर तेच चेंडू पडले, तेच गडी बाद झाले, मानकरी चार निघाले.

यातून एक फार कामाचा नियम हाती लागतो. शुद्ध बाद पद्धतीच्या स्पर्धेत किताब शिरला, की तो स्पर्धेच्या विजेत्याकडेच बाहेर पडतो. कारण प्रत्येक हरणारा बाहेर जातो आणि किताब हरवणाऱ्यासोबत वर चढतो. मधले सामने तपासायचीही गरज नाही. रणजी १९३४-३५ पासून १९५६-५७ पर्यंत बाद पद्धतीचीच होती. पहिला सामना ४ नोव्हेंबर १९३४ ला चेपॉकवर मद्रास-म्हैसूर, मद्रासने एका दिवसात डावाने जिंकला. त्या मोसमाचा विजेता मुंबई, म्हणजे किताबही मोसमाअखेर मुंबईकडे. पुढच्या मोसमांनाही तेच लागू. सुरुवातीची दोन दशकं तुम्ही विजेत्यांच्या यादीवरून एका बैठकीत उरकू शकता. अट एवढीच की त्या मोसमात मानकरी संघ खेळायला उतरलेला असावा आणि कुठेही 'पुढे चाल' (वॉकओव्हर) किंवा नाणेफेकीवर निकाल झालेला नसावा. असं झालं असेल तिथे संघ न हरताच बाहेर गेलेला असतो. पुढे चाल म्हणजे हार नाही, असं मी धरतो. खेळ झालाच नाही तर किताब हलायचा कशाला? नाणेफेकीलाही तोच न्याय.

१९५७-५८ पासून विभागवार साखळी आली आणि हा सोपा रस्ता बंद झाला. साखळीत मानकऱ्याला हरवणारा संघ स्वतःच बाद फेरीत न पोचण्याची शक्यता असते. मग किताब स्पर्धेबाहेर, आपल्या विभागात, पुढच्या मोसमाची वाट बघत बसतो. २००२-०३ पासून वरचा एलिट आणि खालचा प्लेट अशी गटांची विभागणी झाली, तेव्हा तर मानकरी संघ खालच्या गटात घसरला तर किताबही त्याच्यासोबत खाली जातो आणि वरच्या गटातल्या कुणाच्या हाती लागत नाही. हा दोष मानू नका, अशा किताबाचा स्वभावच तो. फुटबॉलचा किताब १५ नोव्हेंबर २०११ ला उत्तर कोरियाने जपानला हरवून घेतला आणि त्याने वर्षाहून जास्त काळ प्योंगयांगमध्ये मुक्काम केला.

तो तिथून सुटला कसा, हेही नियमांच्याच खात्यात जातं. २३ जानेवारी २०१३ ला थायलंडच्या किंग्ज कपमध्ये स्वीडन-उत्तर कोरिया १-१, मग पेनल्टींवर स्वीडन. ब्राउन यांच्या नियमात पेनल्टींचा निकाल धरतात, म्हणून किताब स्वीडनकडे आणि ६ फेब्रुवारीला ३-२ ने अर्जेंटिनाकडे गेला. पेनल्टीचा सामना 'बरोबरी' धरला असता तर पुढची सगळी वंशावळ वेगळी. क्रिकेटात हाच पेच २०१९ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात आला: सामना टाय, सुपर ओव्हर टाय, चौकार-षटकारांच्या मोजणीवर इंग्लंड. बाद फेरीसाठी 'पुढे गेला तो विजयी' हा नियम आधीच लिहिलेला असेल तर अशा वेळी डोकं खाजवावं लागत नाही.

एक पूर्ण उदाहरण

पद्धत समजायला एकदिवसीय क्रिकेटची पहिली आठ वर्षं उत्तम. सामने थोडे, निकाल स्वच्छ. नियम: अनिर्णित, रद्द किंवा टाय सामन्यात किताब आहे तिथेच.

५ जानेवारी १९७१, मेलबर्न: ऑस्ट्रेलिया, इंग्लंडवर ५ गडी राखून. पहिला मानकरी.
२४ ऑगस्ट १९७२, ओल्ड ट्रॅफर्ड: इंग्लंड, ६ गडी.
२६ ऑगस्ट १९७२, लॉर्ड्स: ऑस्ट्रेलिया, ५ गडी.
२८ ऑगस्ट १९७२, एजबॅस्टन: इंग्लंड, २ गडी.
७ सप्टेंबर १९७३, ओव्हल: वेस्ट इंडिज, ८ गडी.
२० डिसेंबर १९७५, अ‍ॅडलेड: ऑस्ट्रेलिया, ५ गडी.
२ जून १९७७, ओल्ड ट्रॅफर्ड: इंग्लंड, २ गडी.
६ जून १९७७, ओव्हल: ऑस्ट्रेलिया, २ गडी.
२२ फेब्रुवारी १९७८, सेंट जॉन्स: वेस्ट इंडिज, धावगतीवर.
१२ एप्रिल १९७८, कॅस्ट्रीज: ऑस्ट्रेलिया, २ गडी.
२४ जानेवारी १९७९, मेलबर्न: इंग्लंड, ७ गडी.
४ फेब्रुवारी १९७९, मेलबर्न: ऑस्ट्रेलिया, ४ गडी.
९ जून १९७९, लॉर्ड्स: इंग्लंड, ६ गडी.
२३ जून १९७९, लॉर्ड्स, विश्वचषक अंतिम सामना: वेस्ट इंडिज, ९२ धावा.

यात न दिसणारे सामनेही तितकेच महत्त्वाचे. इंग्लंडने १८ जुलै १९७३ ला स्वान्सीत न्यूझीलंडविरुद्ध किताब राखला, २० जुलैचा सामना पावसात गेला, ५ सप्टेंबरला वेस्ट इंडिजविरुद्ध १ गडी राखून वाचले आणि दोनच दिवसांनी हरले. त्यानंतर वेस्ट इंडिज थेट जून १९७५ च्या विश्वचषकापर्यंत एकही एकदिवसीय सामना खेळलं नाही. बाकीचे संघ या काळात खेळत राहिले, पण त्या सामन्यांना वंशावळीत जागा नाही. वेस्ट इंडिज मानकरी म्हणूनच विश्वचषकात उतरले आणि पाचही सामने जिंकून तसेच बाहेर पडले. भारताची गंमत वेगळी: १३ जुलै १९७४ च्या पहिल्या सामन्यापासून १९७९ च्या विश्वचषकापर्यंत भारत तेरा एकदिवसीय सामने खेळला आणि एकदाही समोर मानकरी संघ आला नाही. १९७९ मध्ये ९ जूनला वेस्ट इंडिजशी गाठ पडली खरी, पण किताब तेव्हा त्यांच्याकडे नव्हता, त्याच दिवशी तो लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाकडून इंग्लंडकडे जात होता.

पद्धत यातच दडली आहे. सगळ्या सामन्यांची यादी लागत नाही. मानकऱ्याची यादी उघडा, त्याच्या पहिल्या पराभवापर्यंत खाली या, हरवणाऱ्याची यादी उघडा आणि त्याच तारखेपासून पुढे चला. नेहमी जुन्याकडून नव्याकडे. आजच्या विजेत्यापासून मागे जाऊ नका. मागे जाताना प्रत्येक पायरीवर अनेक वाटा फुटतात आणि आपण नकळत हवी ती निवडतो.

कागद हरवले असतील तर

तुमच्या लीगसाठी हा भाग सगळ्यात मोलाचा. वंशावळी एकमेकींत मिसळतात. दोन वेगळ्या सामन्यांपासून दोन वंशावळी सुरू केल्या आणि पुढे त्यांचे मानकरी एकमेकांशी भिडले, सामना निकाली झाला, की दोन्ही किताब एकाच संघाकडे येतात. तिथून पुढे ते कधीच वेगळे होत नाहीत.

वरच्याच उदाहरणात करून बघा. १९७१ चा सामना माहीतच नाही असं समजा आणि ११ फेब्रुवारी १९७३ च्या क्राइस्टचर्चच्या सामन्यापासून सुरू करा. तिथे न्यूझीलंडने पाकिस्तानला हरवलं. न्यूझीलंडचा पुढचा सामना १८ जुलैचा स्वान्सीचा, जिंकलं इंग्लंड, आणि मूळ किताब इंग्लंडकडेच होता. पाच महिन्यांत वंशावळ एक झाली. आणखी उशिरा, १३ जुलै १९७४ ला भारताला हरवणाऱ्या इंग्लंडपासून सुरू करा. ३१ ऑगस्टला इंग्लंडला पाकिस्तानने हरवलं, ७ जून १९७५ ला पाकिस्तानला ऑस्ट्रेलियाने, १४ जूनला ऑस्ट्रेलियाला वेस्ट इंडिजने. झालं, पुन्हा तीच वंशावळ.

म्हणून पहिल्या दहा वर्षांच्या स्कोअरशीट वाळवीने खाल्ल्या असतील तर हळहळत बसू नका. जिथून सलग आणि खात्रीचे निकाल मिळतात तिथून दोन-तीन वेगवेगळ्या विजेत्यांपासून वंशावळी काढा. त्या एका मोसमात मिसळल्या तर मूळ वंशावळही बहुतेक त्यातच आली असणार. 'बहुतेक' म्हणतो, कारण एक धोका राहतो: मूळ मानकरी क्लब आधीच बंद पडला असेल तर किताब त्याच्यासोबतच पुरला गेला. मधल्याच एखाद्या लढतीचा निकाल सापडत नसेल तरी हीच युक्ती: दोन्ही शक्यता धरून दोन फांद्या पुढे न्या. मिसळल्या तर तो निकाल शोधायची गरजच उरत नाही. तेवढ्या काळापुरता मानकऱ्याच्या रकान्यात दोन्ही नावं तिरक्या रेघेने लिहा.

दुसरी सोय गुणतक्त्याची. मोसमाचा अंतिम तक्ता मिळाला आणि मानकऱ्यासमोर 'पराभव ०' असेल तर त्या मोसमातला एकही सामना शोधू नका, किताब हलला नाही. पराभव १ असेल तर एकच सामना शोधायचा. मात्र तक्ता विजय-पराभव-अनिर्णित असा वेगळा दाखवणारा हवा. नुसत्या गुणांवरून अंदाज बांधू नका, १२ गुण दोन विजयांचेही असतात आणि चार आघाड्यांचेही.

वर्तमानपत्रांत शोधताना तीन खाचखळगे. एक, हितवाद, तरुण भारत किंवा लोकमतच्या बांधीव अंकांतली तारीख छापल्याची असते. सामना आदल्या दिवशीचा, कधी बातमी दोन दिवस उशिरा. दोन, वेळापत्रकावरून निकालाची जागा भरू नका, नागपूरच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात किती सामने पुढे ढकलले जातात ते तुम्हाला सांगायला नको. तीन, त्याच क्लबचं नाव एका बातमीत पूर्ण, दुसरीत आद्याक्षरांनी आणि तिसरीत प्रायोजकासकट येतं. सुरुवातीलाच नावांची एक यादी करा: डावीकडे सापडलेलं रूप, उजवीकडे तुमचं ठरलेलं रूप.

तक्ता कसा मांडायचा

एक्सेल किंवा गुगल शीट पुरे. रकाने: क्रमांक, सुरू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख, मैदान, स्पर्धा आणि फेरी, पहिला संघ, दुसरा संघ, विजेता, निकालाचा प्रकार, आधीचा मानकरी, नंतरचा मानकरी, कुठून घेतलं, शंका. निकालाच्या प्रकाराला ठरावीक खुणा ठेवा: निर्णायक, आघाडी, टाय, अनिर्णित, रद्द, पुढे चाल. नंतरच्या मानकऱ्याचं सूत्र असं: विजेत्याचा रकाना भरलेला आहे आणि दोनपैकी एक संघ आधीचा मानकरी आहे, तर नंतरचा मानकरी म्हणजे विजेता, नाहीतर आधीचाच. कडक आणि मिश्र अशा दोन्ही नियमांचे मानकरी हवे असतील तर विजेत्याचे दोन रकाने करा. निकालाचा प्रकार आधीच नोंदलेला असल्याने एक सूत्र खाली ओढलं की झालं.

बिघाड कुठे होतो? बहुतेक वेळा तारखेत. एक्सेल १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून घेतच नाही, ती मजकूर म्हणून बसते आणि क्रमवारी लावताना १८७७ चा कसोटी सामना भलत्याच जागी जातो. शिवाय ७/९/१९७३ हे संगणकाच्या सेटिंगनुसार ७ सप्टेंबरही होतं आणि ९ जुलैही. ९ जुलै झालं तर वेस्ट इंडिजचा विजय स्वान्सीच्या सामन्याच्या आधी जाऊन बसेल आणि ते दोन महिने खोटा मानकरी दाखवेल. म्हणून वर्ष-महिना-दिवस, तोही मजकूर म्हणून, एकाच साच्यात लिहा: १९७३-०९-०७. दुसरा बिघाड नावाच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागेचा. 'विदर्भ' आणि जागा सोडलेला 'विदर्भ ' हे संगणकाला दोन संघ वाटतात, किताब गोठतो आणि खालच्या सगळ्या ओळींत एकच मानकरी दिसू लागतो. असं दिसलं की आधी नाव तपासा.

सामने एकाच वेळी चालू असतील तर ज्या दिवशी निकाल लागला ती तारीख धरा. एक संघ एका वेळी दोन ठिकाणी कसा खेळेल, असं वाटत असेल तर जानेवारी १९३० बघा: इंग्लंडचा एक संघ १० तारखेला क्राइस्टचर्चमध्ये न्यूझीलंडविरुद्ध आणि दुसरा ११ तारखेला ब्रिजटाउनमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी खेळायला उतरला होता. लीगमध्येही क्लबचे 'अ' आणि 'ब' संघ एकाच दिवशी खेळतात. किताब फक्त 'अ' संघाचा, हे लिहून ठेवा.

कोणते सामने, कोणता संघ

रणजी करंडकाचा विजेता इराणी चषकात शेष भारताशी खेळतो. मार्च २०१८ मध्ये जामठ्यावर विदर्भाने ७ बाद ८०० वर डाव सोडला होता, वासिम जाफर २८६. तो सामना धरायचा का? नाही. शेष भारत हा एका सामन्यापुरता जमवलेला संघ; त्याने किताब जिंकला तर वर्षभर तो कुणाच्या खिशात राहणार? निमंत्रितांचे संघ, विभागीय संघ, दौऱ्यावर आलेले परदेशी संघ वगळा. रणजीचा किताब रणजीच्याच सामन्यांत फिरू द्या. २०२०-२१ ला स्पर्धाच झाली नाही, तेव्हा तो जिथे होता तिथेच राहिला.

संघाची ओळख हा नाजूक भाग. मद्रासचं तमिळनाडू झालं, म्हैसूरचं कर्नाटक, हा निव्वळ नावबदल, वारसा चालू. पण सी. पी. अँड बेरारचा (मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा) वारस कोण? राजधानी नागपूर होती म्हणून विदर्भ म्हणावं, असा मोह होईल. विदर्भ रणजीत आला तो १९५७-५८ मध्ये, राज्य पुनर्रचनेनंतर. मी विदर्भाला नवा संघ धरतो. होळकर संघाने चार वेळा करंडक जिंकला आणि तो संघच राहिला नाही, तिथेही मध्य प्रदेशाला आपोआप वारस करू नका.

मानकरी नाहीसाच झाला तर? मुष्टियुद्धात हे वारंवार घडलं. जेफ्रीज १९०५ मध्ये न हरता निवृत्त झाला, मग मार्विन हार्ट आणि जॅक रूट यांच्यात लढत लावून रिकामी जागा भरली; पंच स्वतः जेफ्रीज. लोकांचं समाधान झालं नाही. जेफ्रीज १९१० मध्ये परतला आणि ४ जुलैला जॅक जॉन्सनने त्याला हरवलं, तेव्हा तुटलेला दुवा जुळला. बुद्धिबळात आलेखिन १९४६ मध्ये किताब हाती असतानाच वारला आणि १९४८ मध्ये स्पर्धा घेऊन बॉटविनिक नवा जगज्जेता झाला. संघांच्या बाबतीत मी दुसरी वाट घेतो: सलग दोन मोसम मानकरी मैदानात उतरला नाही तर वंशावळ तिथे संपली. पुढच्या मोसमाच्या विजेत्यापासून 'दुसरी वंशावळ' सुरू करा आणि तिला तसंच नाव द्या. किताब मागच्या मानकऱ्याला परत देऊ नका. तो हरलेला असतो.

शहरातल्या लीगमध्ये, मग ती विदर्भ क्रिकेट असोसिएशनची (व्हीसीए) गुझदर लीग असो की मोहल्ल्यातली टेनिस बॉलची रात्रीची स्पर्धा, ओळखीचा प्रश्न आणखी गुंततो. नोंदणीकृत क्लब असेल तर नोंदणी हीच ओळख. टेनिस बॉलमध्ये तेच अकरा पोरं दर हंगामात नवं नाव आणि नवी जर्सी घालून येतात, किंवा नाव तेच आणि खेळाडू सगळे बाहेरचे. तिथे असा नियम चालतो: किताब जिंकलेल्या अकरातले किमान सहा जण आणि तोच कर्णधार किंवा तोच आयोजक असेल तर संघ तोच. सहा जण दोन संघांत तीन-तीन असे फुटले तर कर्णधार ज्या बाजूला तिकडे किताब. हे स्पर्धेच्या आधी सगळ्या संघांना सांगून टाका, नंतर सांगितलं तर भांडण ठरलेलंच.

आणि आजपासून पुढची नोंद आजच नीट ठेवा: दोन्ही कर्णधारांच्या सह्या असलेल्या स्कोअरशीटचा फोटो, त्यावर पूर्ण तारीख, मैदानाचं नाव, फेरी, आणि सामना अर्धवट राहिला तर का राहिला याची एक ओळ. पाऊस, अंधार की वाद, हे दहा वर्षांनी कुणालाच आठवत नाही, आणि 'रद्द' लिहायचं की 'पुढे चाल' हे त्याच एका ओळीवर ठरतं.